आठवीतल्या भाषणाची दुरुस्ती

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. वेळेअभावी बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी यात घातल्या आहेत.)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील करिअर आणि आपली शाळा’ असा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. आयटीबद्दल ऐकायला तुमच्या घरी मुलं आहेतच, ती रोज ऐकवत असतील. मला आज शाळेत एक जुनी चूक दुरुस्त करायची आहे. चूक याच मैदानावर झाली, म्हणून दुरुस्तीही इथेच व्हावी असं वाटलं.

१५ ऑगस्ट १९९३. आपण आठवीत होतो. झेंडावंदनानंतर वक्तृत्व स्पर्धा होती. मी ‘माझे पणजोबा : एक विस्मरणात गेलेले क्रांतिकारक’ या विषयावर बोलले. सरकारविरुद्ध लढले म्हणून इंग्रजांनी त्यांना काळ्या पाण्यावर नेलं, त्यांनी कोलू ओढला, बेड्या घातल्या तरी मान झुकवली नाही, आणि ते परत आले नाहीत. शेवटी आवाज चढवून मी ‘वंदे मातरम्’ म्हटलं. खूप टाळ्या पडल्या. पहिला नंबर आला, बक्षीस म्हणून कंपास पेटी मिळाली. दहावीच्या भूमितीपर्यंत ती मला पुरली.

कार्यक्रम संपल्यावर इतिहासाच्या बाईंनी मला स्टाफरूमच्या दारात थांबवलं. शाबासकी दिली आणि विचारलं, “याला कागद काही आहे का गं?” मी म्हटलं, “नाना सांगतात.” नाना म्हणजे माझे आजोबा. बाई म्हणाल्या, “मग नानांना साल विचारून ठेव. माणसं जातात, साल राहिलं तर शोधता येतं.” मी मान हलवली आणि विचारायचं विसरले. दोन वर्षांनी नाना गेले. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, पुढचं सगळं तुम्हालाच सांगते आहे असं समजा.

पंचवीस वर्षांनी, २०१८ च्या दिवाळीत, आम्ही अंदमानला गेलो. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला मी पणजोबांची गोष्ट माझ्याच भाषणाच्या चालीवर सांगितली होती. सेल्युलर जेलमध्ये संगमरवरी पाट्यांवर राजबंद्यांची नावं प्रांतवार कोरलेली आहेत. पोरीने मुंबई प्रांताची यादी बोट लावून दोनदा वाचली. मग म्हणाली, “आई, आपले आजोबा यात नाहीत.” मी म्हटलं, राहून गेलं असेल. पण माझा धंदा सॉफ्टवेअरचा. यादीत नोंद नसली की दोनच शक्यता असतात. एक तर यादी अपुरी असते, नाहीतर आपण चुकीच्या यादीत शोधत असतो. रात्री हॉटेलवर झोप लागेना. नानांची गोष्ट मी एकदाही तपासून पाहिली नव्हती.

तिथे फिरताना एक गोष्ट लक्षात आली होती. अंदमान म्हटलं की आपल्याला सावरकर, बारींद्रकुमार घोष आणि त्यांचे सहकारी आठवतात. पण ती वसाहत मार्च १८५८ मध्ये सुरू झाली, सत्तावनच्या उठावातल्या कैद्यांपासून. पुढच्या काळात तिथे गेलेले बहुसंख्य लोक साधे गुन्हेगार होते. खून, दरोडा, मारामाऱ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जवळपास बारा हजार कैदी होते. अलीपूर खटल्यातले राजबंदी पोचले ते १९०९ च्या शेवटी. म्हणजे त्याआधीची पन्नास वर्षं जी जहाजं भरून माणसं गेली, त्यांच्यासाठी पाटी नाही. त्यांचीही घरं कुठेतरी होती. त्या घरांतल्या मुलांना काय सांगितलं गेलं असेल, हा प्रश्न घेऊन मी परत आले.

सगळ्यात आधी साल हवं होतं. बाईंनी सांगितलेलं तेच. आमचे वडील एवढंच सांगत होते, की पणजोबांना नेलं तेव्हा नाना दीड वर्षांचे होते, अजून धड चालतही नव्हते. नानांचं साल गावच्या मराठी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मिळालं. १९०५. म्हणजे घटना १९०६ ची. पुढची वाट त्या एका आकड्याने उघडली.

मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. मुंबई इलाख्याच्या न्याय विभागाचे खंड तिथे ठेवलेले आहेत. शनिवार आणि सुट्टीचे दिवस धरून मी पुण्याहून जात राहिले. कर्मचाऱ्यांनी मला पहिल्या दिवशी विचारलं, “पीएचडी का?” मी म्हटलं, “नाही, घरचं काम आहे.” तेव्हापासून ते मला ‘घरकामवाल्या मॅडम’ म्हणायला लागले.

आता थोडं माझ्या धंद्यातलं सांगते, म्हणजे संयोजकांचाही मान राहील. अनुक्रमणिकेत आपली नावं इंग्रजीत आहेत आणि ती लिहिणाऱ्याच्या कानाला जशी ऐकू आली तशी आहेत. एकच आडनाव पाच पानांत पाच तऱ्हांनी. शिवाय कित्येक नोंदींत आडनावच नाही. ‘अमुक बिन तमुक’ असंच. ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’. इंग्रजी नावांसाठी ‘साउंडेक्स’ नावाची एक जुनी पद्धत आहे, सारख्या उच्चारांची नावं एका सांकेतिक आकड्याखाली आणणारी. अमेरिकेत १९१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं गेलं. आपल्या ‘ळ’ आणि ‘ण’ समोर ती हात टेकते. मग मी स्वतःच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. ‘व’ असेल तिथे इंग्रजीतली तीन अक्षरं, ‘ळ’ असेल तिथे दोन, असं करत एका नावाची साठ-सत्तर रूपं तयार करायची आणि मी टाईप करून आणलेल्या नोंदींशी ताडून बघायची. अभिमानाने सांगावं असं काही नाही, कारण त्या प्रोग्रॅमने मला काहीही सापडवून दिलं नाही. सापडलं ते असं, की एका दुपारी पानं उलटताना आपल्या गावचं नाव दिसलं. नाव इतकं मोडतोड करून लिहिलं होतं, की दुसऱ्या कुणालाही ओळखू आलं नसतं. मी ते मोठ्याने वाचलं म्हणून मला कळलं.

तो दयेचा अर्ज होता, गव्हर्नरकडे केलेला. अर्जदार पणजी.

अर्जाला न्यायालयाच्या निकालाची प्रत जोडलेली होती. ती मी उभ्यानेच वाचली आणि मग खाली बसले.

निकालात सरकार, क्रांती, शस्त्रं असं काही नव्हतं. एक विहीर होती. चार घरांची सामाईक विहीर, मोटेच्या पाण्याच्या ठरलेल्या पाळ्या. मे महिना. आपल्या माणदेशातला मे मी तुम्हाला सांगायला नको. पणजोबांच्या पाळीच्या रात्री शेजारच्या माणसाने मोट धरली होती. बोलाचाली झाली, शिवीगाळ झाली. पणजोबा घरी गेले, कुऱ्हाड घेऊन परत आले. शेजारचा माणूस सकाळपर्यंत जगला नाही. त्याच्या मागे बायको आणि तीन लहान मुलं.

वकिलांनी बचाव केला होता, की अचानक भांडणाच्या भरात हे घडलं, हा खून नव्हे. न्यायाधीशांनी तो मानला नाही. कारण एकच. ते घरी गेले आणि परत आले. विहिरीपासून घरापर्यंतचं अंतर आणि तेवढंच परतीचं, एवढ्या वेळात माणसाला थांबता येतं, असं त्यांचं म्हणणं. दंड संहितेच्या कलम ३०२ ला तेव्हा दोनच शिक्षा होत्या, फाशी किंवा जन्मठेप काळं पाणी. आणि तेव्हाच्या फौजदारी प्रक्रियेत फाशी न देण्याचं कारण न्यायाधीशाला लिहून द्यावं लागे. म्हणजे फाशी हाच रिवाज, दुसरी शिक्षा हा अपवाद. सातारच्या सेशन कोर्टाने फाशी दिली. हायकोर्टाने ती कायम केली. पणजीच्या अर्जावर गव्हर्नरने ती बदलून जन्मठेप केली.

अर्ज अर्थातच कुणा लिहिणाऱ्याने इंग्रजीत लिहिलेला, ठरावीक शब्दांचा. पण खाली सहीच्या जागी शाईने काढलेलं एक वेडंवाकडं वर्तुळ होतं. आपल्याकडे अक्षर न येणाऱ्या बाईची निशाणी म्हणजे बांगडी. पुरुषाची नांगर. ती बांगडी पूर्ण मिटलेली नव्हती, एका बाजूला फट राहिली होती. तेव्हा ती एकोणीस-वीस वर्षांची असेल.

परतीच्या गाडीत मी हिशेब करत बसले. आठवीत मी ज्यांच्यासाठी टाळ्या घेतल्या, त्यांनी तीन मुलांच्या बापाला पाण्याच्या पाळीवरून मारलं होतं. मला शरम वाटली, आणि पणजोबांचा रागही आला. निकालातला ‘ते घरी गेले आणि परत आले’ हा मुद्दा मनातून जाईना.

वडिलांना सांगितलं. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “नाना खोटं बोलत नव्हते.” मला आधी पटलं नाही. पण विचार केल्यावर पटलं. पणजीने लहानग्या पोराला सांगितलेलं वाक्य एवढंच होतं, “तुझ्या बापाला सरकारनं नेलं.” ते शब्दशः खरं आहे. नानांची पस्तिशी उलटून गेली तेव्हा १९४२ आलं. साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं. ज्याला ‘सरकारनं नेलं’ तो आपला माणूस, असे ते दिवस. जुनं वाक्य तेच राहिलं, त्याचा अर्थ बदलला. कोलू आणि बेड्या बहुधा नंतर वाचनातून आल्या. ‘वंदे मातरम्’ मात्र नक्की माझं. प्रत्येकाने थोडं थोडं गोल केलं. आमच्याकडे अशी चूक झाली तर बदल कुणी, कधी केला याची नोंद निघते. घरच्या गोष्टींना तशी नोंद नसते.

मग पणजोबांचं तिथे काय झालं असेल, हे मी वाचून काढलं. सावरकरांना १९११ मध्ये ठाण्याच्या तुरुंगातून रेल्वेने मद्रासला आणि तिथून ‘महाराजा’ जहाजाने नेलं. पाच वर्षं आधी गेलेल्या पणजोबांची वाटही बहुधा तीच. त्याच १९०६ मध्ये सेल्युलर जेलचं बांधकाम पुरं झालं होतं. मधे मनोरा, सात बाजूंना सात तिमजली इमारती, आज त्यांतल्या तीन उरल्या आहेत. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे नव्या कैद्याचे पहिले सहा महिने या एकांताच्या कोठडीत. पुढचे अठरा महिने दुसऱ्या तुरुंगात सक्तमजुरी. मग तीन वर्षं बराकीत राहून बिनमोबदला काम. नंतरची पाच वर्षं काम हलकं, थोडा भत्ता, हवा तर बचत खात्यात टाकायचा. अशी दहा वर्षं नीट काढली की ‘तिकीट’ मिळे. तिकीटवाला कैदी वसाहतीतल्या गावात राहू शकत असे, जमीन कसू शकत असे, गुरं पाळू शकत असे. आणि घरच्यांना बोलावून घेऊ शकत असे. बेट सोडून जाता येत नसे. संपूर्ण सुटका व्हायची झाली तर वीस ते पंचवीस वर्षांनी.

‘घरच्यांना बोलावून घेऊ शकत असे’ या ओळीखाली मी पेन्सिलने रेघ मारली. १९०६ अधिक दहा. १९१६.

आमच्या घरी आजीच्या ट्रंकेत मोडीत लिहिलेला एक कागद होता. जमिनीचा असेल म्हणून तो जपून ठेवलेला. वाचता कुणालाच येत नव्हता. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली हे तुम्हाला माहीत आहे. मला चार महिने थांबावं लागलं. थांबलेल्या वेळात मी स्वतःच मोडी शिकायला घेतली, पण दोनच शब्द धड लागले, ‘जाणार नाही’. बाकीचा कागद मोडी वाचणाऱ्या काकांनी फोनवर वाचून दाखवला.

तो जबाब होता, १९१७ चा. अंदमानातल्या कैद्याने बायकोमुलाला बोलावलं आहे, त्यावर चौकशी आली होती, आणि पाटलासमोर पणजीचा जबाब घेतला होता. त्याची नक्कल घरी राहिली. ती म्हणते, नवऱ्याचा निरोप समजला. मुलगा बारा वर्षांचा आहे. मी जाणार नाही. मुलास पाठवणार नाही. खाली निशाणी, बांगडी. या वेळची बांगडी पूर्ण मिटलेली होती.

ज्याचा जीव वाचवायला ती गव्हर्नरपर्यंत गेली, त्याच्याकडे जायला तिने अकरा वर्षांनी नकार दिला. का? जबाबात कारण नाही. मला वाटलं जमिनीसाठी. भाऊबंदांनी गिळली असती. आमच्या घरी हेच उत्तर सगळ्यांना पटलं.

आता तिसरा कागद. नाना नेहमी म्हणायचे, “सरकारनं माणूसही नेला आणि पाणीही नेलं.” आमच्या जमिनीला विहिरीत हिस्सा नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. नेलं म्हणजे काय, हे कुणी विचारलं नव्हतं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये आला, त्यामुळे त्यानंतरचे फेरफार मिळण्याची आशा असते. तहसील कचेरीत तीन अर्ज आणि पाच खेपा झाल्यावर जुन्या फेरफाराची नक्कल हातात पडली. १९१८ ची नोंद. आमच्या गटाचा विहिरीतला हिस्सा आणि पाण्याची पाळी दुसऱ्या एका घराकडे गेलेली. रक्कम काही नाही. विक्री नाही, गहाण नाही, सरकारजमा तर नाहीच. देणार, पणजी. घेणार, एक विधवा बाई, तीन अज्ञान मुलांची आई. तिचं नाव मी निकालात वाचलेलं होतं.

आणि तिचं आडनाव आपल्या वर्गाच्या हजेरीपटावर होतं.

मित्रमैत्रिणींनो, आपल्याच वर्गातल्या एका मुलीच्या पणजोबांना माझ्या पणजोबांनी मारलं होतं. ती आज इथे आली आहे. कोणत्या रांगेत आहे ते सांगणार नाही. नावं घ्यायची नाहीत, ही तिची अट आहे, आणि कारण तिच्याच शब्दांत सांगते : “घरात दोन पोरं लग्नाची आहेत गं, उगाच चौकशा नकोत.” ज्यांनी ओळखलं असेल त्यांनी मनात ठेवा. हे सगळं मी तिला आधी वाचून दाखवलं आहे. दोन ठिकाणी तिने दुरुस्त्या सांगितल्या, त्या केल्या आहेत.

फेरफार मिळाल्यावर तिला फोन करायला मला दीड महिना लागला. शेवटी फोन केला, तर ती म्हणाली, “मी माहेरी आले आहे, इकडेच ये. आईलाही सांग जे सांगायचं ते.” मी गेले. तिन्ही कागदांच्या नकला पिशवीत. काय बोलायचं ते गाडीत चार वेळा जुळवलं होतं. दारात पोचल्यावर काकू म्हणाल्या, “ये. बस. तुमच्या घरातनं यायला लई वर्षं लागली.”

त्यांना सगळं माहीत होतं. त्यांच्या घरात ही गोष्ट कधी विसरली गेलीच नव्हती. विसरायची सोय आमच्या घराला होती. त्यांच्या घरात माणूस कमी होता, तो रोज दिसत होता.

मी मैत्रिणीला विचारलं, “म्हणजे आठवीत, माझ्या भाषणाच्या वेळी…” ती म्हणाली, “मी रांगेत उभी होते. घरी जाऊन आईला सांगितलं. आईने विचारलं, तू टाळ्या वाजवल्यास का? मी म्हटलं, हो, सगळ्यांनी वाजवल्या. आई म्हणाली, बरं केलंस. पोर आहे ती, तिला कुणी सांगितलं नसेल.”

मला तेव्हा काही बोलता आलं नाही. आत्ताही फारसं येत नाही.

नकला मी त्यांच्यासमोर ठेवल्या. काकूंनी चष्मा लावून बांगडीच्या दोन्ही निशाण्या पाहिल्या. मग त्यांच्या सासूने त्यांना सांगितलेलं त्यांनी मला सांगितलं. खुनानंतर दोन्ही बायका अकरा वर्षं बोलल्या नाहीत. वाट एक, ओढा एक, पण एक आली की दुसरी थांबायची. मोटेला गडी नव्हता म्हणून त्यांचं अर्धं रान पडीक पडलं होतं. मग ‘तिकडचा’ निरोप आला, बोलावणं आल्याचं गावभर झालं. त्या संध्याकाळी माझी पणजी त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. म्हणाली, “मी जात नाही.” एवढंच. त्यांच्या पणजीने काही उत्तर दिलं नाही, पण पाण्याचा तांब्या आणून उंबऱ्यावर ठेवला. पुढच्या वर्षी पाळीची नोंद फिरली. पाळी दोन्ही घरांची झाली, तेव्हा दोघींची पोरं मिळून मोट हाकू लागली. म्हणजे आमचे नानासुद्धा. नानांनी त्या विहिरीवर काम केलं होतं आणि आम्हाला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

पणजी का गेली नाही, याचं माझं उत्तर तेव्हा बदललं. जमिनीचं कारण खोटं नसेल. पण जमीनच राखायची असती तर माणदेशात कुणी पाणी सोडत नाही. पाण्याशिवाय जमीन म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. माझा समज असा, की ज्या बाईचा नवरा कुठेच उरला नाही तिच्या डोळ्यांदेखत आपण आपल्या नवऱ्याकडे जायचं, हे तिला जमलं नाही. हा माझा समज आहे, याला कागद नाही. बाई, तेवढं वेगळं सांगते.

पणजी १९५८ मध्ये गेली. वडील तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांना आठवतं, ती शेवटपर्यंत कुंकू लावायची. बेटावरून बातमी आली नाही, म्हणून तिने पुसलं नाही. त्याच सुमारास कायद्यातूनच काळं पाणी गेलं होतं. १ जानेवारी १९५६ पासून ‘काळ्या पाण्याची शिक्षा’ जाऊन तिथे ‘आजन्म कारावास’ हा शब्द आला. पणजोबांचा माग १९१७ च्या त्या निरोपापाशी थांबतो. मी शोधणं सोडलेलं नाही, पण आता घाई नाही. ज्यांना मी शोधायला निघाले होते त्यांच्यापेक्षा मोठं माणूस मला वाटेत सापडलं, आणि त्यांच्याबद्दल मी शाळेत कधी एक ओळ बोलले नव्हते.

मुलगी आता सोळा वर्षांची आहे. तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, “मग आता आपण लोकांना काय सांगायचं?” मी म्हटलं, “जे झालं ते.” ती म्हणाली, “ते पहिल्यापेक्षा लांब आहे.” खरं आहे. खरी गोष्ट सांगायला वेळ जास्त लागतो, हे आज तुम्हीही अनुभवलंच.

जाताजाता थोडं कामाचं, कारण मधल्या सुट्टीत तिघांनी विचारलं. घरातल्या जुन्या माणसाबद्दल शोधायचं असेल तर आधी घरच्या वयस्कर माणसांजवळ बसा आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, सुधारू नका. “सरकारनं नेलं” आणि “पाणी नेलं” ही दोन वाक्यं नानांच्या शब्दांत लक्षात राहिली म्हणून मला उपयोगी पडली. मग साल शोधा. शाळेचं जनरल रजिस्टर आणि गाव नमुना नंबर चौदा, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, यांत ते बहुधा मिळतं. जमिनीचे जुने फेरफार काढा, त्यात भांडणं आणि समेट दोन्ही असतात. ट्रंकेतला मोडी कागद रद्दीत देऊ नका. आणि जे सापडेल त्यात दुसऱ्या घराचं दुःख असेल, तर आधी त्या घरी जाऊन या. हे शेवटचं मला कुठल्या पुराभिलेखागारात शिकवलं नाही. काकूंच्या दारात शिकले.

ती विहीर अजून आहे. मोट गेली, इंजिन आलं, मग मोटार आली, आता दोन्ही रानांत बोअर आहेत आणि विहिरीत उन्हाळ्यात पाणी नसतं. मागच्या महिन्यात आम्ही दोघी तिथे जाऊन आलो. काठावर बसून घरून नेलेल्या भाकरी खाल्ल्या. विशेष काही बोललो नाही. तिने फोटो काढू दिला नाही, म्हणाली, “केस विंचरलेले नाहीत.”

१५ ऑगस्ट १९९३ रोजी मी या मैदानावर केलेलं भाषण चुकीचं होतं. ते मागे घेते. ज्या मैत्रिणीने त्याला टाळ्या वाजवल्या, तिची माफी मागते. तिने ती आधीच दिलेली आहे, पण टाळ्या चारचौघांत घेतल्या होत्या, म्हणून माफीही चारचौघांत.

आणि बाई, तुम्ही विचारलं होतं, याला कागद काही आहे का. उत्तर द्यायला बत्तीस वर्षं लागली. तीन आहेत. जेवणानंतर दाखवते.